आण्णा डोलीत बसले

आण्णांना लेण्याद्रीला जायचं होतं. आमच्या गल्लीतल्या विहारात दर पौर्णिमेला बुद्धवंदना माझे वडील, म्हणजे आण्णाच सांगतात. ते एक ओळ म्हणतात आणि बाकीचे त्यांच्यामागून. "दगडात कोरलेल्या स्तूपाम्होरं बसून एकदा वंदना म्हणायची हाय, मग गुडघं गेलं तरी चालंल," असं त्यांचं दोन वर्षं चाललं होतं. गुडघे काही तेवढे थांबले नाहीत. चाळीस वर्षं सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाली केलेला माणूस. कांद्याची पोती वाहून गुडघ्यांत शिल्लक राहणार तरी काय? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली. आण्णा म्हणाले, "डोंगराचं काय बोलला न्हाय त्यो."

मी मास्तरीण आहे, हुकूम सोडायची सवय आहे. शाळेत दोन दिवसांची रजा टाकली. एसटीनं पुणं, बहिणीकडे मुक्काम आणि सकाळी जुन्नर. बहिणीनं केलेले पोहे आण्णांनी मुकाट्यानं खाल्ले आणि बसमध्ये बसल्यावर पिशवीतली भाकरी काढली.

पायथ्याशी जत्रेसारखी गर्दी होती. डोंगरात तीसेक लेणी बौद्धांची, त्यातल्या एकात गणपती, आणि झाडून सगळे त्याच्याच दर्शनाला आलेले. मी तोंड वाकडं केलं. आण्णा म्हणाले, "येऊ दे की. त्येंच्यामुळं तर पायऱ्या नीट राहिल्यात."

तीनशेच्या आसपास पायऱ्या. खुर्चीला दोन बांबू बांधलेली डोली घेऊन चौघे जण उभे होते. मी त्यांच्याशी बोलून ठरवूनही टाकलं. आण्णांनी डोलीकडे पाहिलं आणि सरळ पायऱ्यांना लागले.

"आण्णा, बसा की!"

"जनमभर पोती उचलली. आता मीच पोतं व्हायचं व्हय?"

साठ-सत्तर पायऱ्यांवर त्यांनी बसकण मारली. गुडघे थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. डोलीवाले बिचारे रिकामी डोली घेऊन मागोमाग आलेच होते. मी आधी विनवलं, मग दटावलं. आण्णांचं एकच पालुपद, न्हाय म्हणजे न्हाय. माझं डोकं फिरलं. "दोन दिवस रजा काढून आणलंय तुम्हाला. बसा मग इथंच माकडांबरोबर!" असं मोठ्यानं म्हटलं आणि तरातरा वर निघून गेले. चार लोकांनी वळून पाहिलं. आजही ते आठवलं की जीभ हासडावीशी वाटते.

चैत्यगृहात गारवा होता. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप. समोर बसले, हात जोडले आणि तोंडातून शब्दच फुटेना. वंदना मला येत नव्हती असं नाही. पण पहिली ओळ आजवर मी कधी म्हटलीच नव्हती, ती आण्णांची.

इतक्यात पायऱ्यांवरून आवाज आला. "बुद्धं सरणं गच्छामि." खडा, मार्केट यार्डातला आवाज. मी धावत बाहेर आले. चौघांच्या खांद्यांवर बसून आण्णा येत होते, वंदना म्हणत. दर्शनाची रांग बाजूला होऊन वाट देत होती.

डोली टेकली. पुढच्या डोलीवाल्यानं घाम पुसत सांगितलं, "ताई, बाबा म्हणत होते पोतं होणार नाही. म्हटलं, बाबा, पोतं बोलतं का? तुम्ही बोलत राहा, म्हणजे आम्हाला पोतं वाटणार नाही. तेव्हा कुठं बसले."

मी माफी मागणार होते. पण आण्णांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. स्तूपाकडेही नव्हतं.

"बस हितं," ते डोलीवाल्याला म्हणाले. तो कचरत पायरीवर बसला. आण्णांनी त्याच्या मानेच्या बुडाशी अंगठा रोवला आणि खांदा चोळायला लागले. "बांबू मानंला लागतोय तुझ्या. जरा भाईर धरत जा."

"अहो बाबा, राहू द्या..."

"गप. आमच्यात पोतं उतरलं की दुसरा गडी खांदा चोळतो. रीतच हाय ती. वंदना जराशानं हुईल." मग एकामागून एक चौघांनाही बसवलं. शेवटच्यानं तर डोळेच मिटून घेतले.

मी खांबाला टेकून बघत उभी राहिले. चाळीस वर्षं हा माणूस संध्याकाळी घरी यायचा. मी पाण्याचा तांब्या द्यायचे, आई ताट वाढायची. पण त्या खांद्याला आम्हा घरच्यांपैकी कुणी एकदाही हात लावला नव्हता. तो दुखत असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.