सबुरी मोजणारे साडूभाऊ

पोलीस आणि वकील सोडले, तर माणसाच्या उत्तरावर विश्वास न ठेवणं हाच ज्याचा उद्योग आहे असा अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे.

साडूभाऊ भोकरदनला मानसशास्त्र शिकवतात. माणूस आयुष्य घाईनं जगतो की सबुरीनं, हे मोजायच्या म्हणे प्रश्नावल्या असतात. पुढचा विचार करता का, नातेवाइकांना धरून राहता का, हाती आलेलं लगेच उडवता का. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडा लिहायचा, पाच म्हणजे अगदी बराबर. या प्रश्नावल्या खरंच माणूस मोजतात की नुसते कागद भरतात, हे तपासण्यात साडूभाऊंच्या पीएच.डी.ची बारा वर्षं गेली. त्यामुळे त्यांनी ‘जेवलात का?’ विचारल्यावर आपण ‘हो’ म्हणालो, तरी त्यांची नजर हळूच आपल्या बोटांकडे जाते. पहिला बळी अर्थातच मी. ‘मी पुढचा विचार करून वागतो’ यापुढे मी झोकात पाच लिहिले. साडूभाऊ कागद घेऊन तडक स्वयंपाकघरात, माझ्या बायकोकडे. “ह्यांचा विचार?” आतून बायकोचा आवाज आला, “दाजी, शेगडी विझली की मंग ह्यांना सिलिंडरचा नंबर लावायचं सुचतं!” साडूभाऊ बाहेर आले ते लेकीचं लग्न जमल्यासारखे. “कमाल झाली साडू! तुमचं उत्तर बिलकुल खोटं निघालं!” माझ्या खोटेपणाचा एवढा आनंद आजवर कुणालाच झाला नव्हता.

मागच्या वर्षी मार्गदर्शकांनी निर्वाणीचं सांगितलं: पोळ्यापर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. मंग काय, आम्ही तीर्थपुरीला. गाडी माझी, पेट्रोल माझं, चुकलेला रस्ताही माझाच. दारोदार हिंडून कागद भरून घेतले आणि झाडाखाली बसून पाहिले, तर सगळीकडे पाच! ‘मी उद्यासाठी राखून ठेवतो’ याला पाच, आणि ‘उद्याचं कुणी पाहिलंय, मी आजच उडवतो’ यालाही पाच. मला घाम फुटला. साडूभाऊंचे डोळे मात्र चमकायला लागले. पहिल्याच घरी परत गेलो. तिथल्या काकू अंगणात तूर पाखडत होत्या.

“काकू, राखून ठेवता म्हणता, अन् उडवूनबी टाकता म्हणता?”

“आता सर, एवढ्या उन्हात दारात आल्ते तुम्ही. पाव्हण्याला दोन-तीन देऊन कसं वाटं लावावं? होते तेवढे सगळे देऊन टाकले.”

साडूभाऊ अंगणातच उडाले. “साडू, सापडलं! ही प्रश्नावली सबुरी मोजतच न्हाई! ही पाहुणचार मोजून राह्यली!” आणि माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी सुपाच्या आसपास जाऊन पडलो. काकू म्हणाल्या, “सांभाळून वो, तूर सांडंल.” माझी चौकशी कुणी केली नाही.

मार्गदर्शकांनी सल्ला दिला: ‘आजच उडवतो’सारखे उलटे प्रश्न गाळा, बाकीचं सुबक दिसतंय, देऊन टाका. मीही तेच म्हणालो. अशा वेळी माझं मत कायम सोयीच्या बाजूला असतं. “कसं गाळू?” साडूभाऊ म्हणाले. “काकू खऱ्याच हायेत साडू. माझा कागद चुकीचा विचारून राह्यला.” आणि हा गृहस्थ पुन्हा प्रत्येक दारात गेला. आकडे नाहीत, कागद नाही. बियाणं कसं राखता, लेकीच्या बाळंतपणाला कोण धावून आलं, असं तास-तास बसून ऐकत राहिला. पोळा आला आणि गेला. मला फोन केला तेव्हा आधी अर्धा तास त्या गप्पांमधून काय काय हाती लागलं ते उड्या मारत सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, “हां, अन् नोंदणी रद्द झाली.”

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी पुन्हा तीर्थपुरीला गेलो. मांडवात काकू भेटल्या. “काय सर, झालात ना डॉक्टर? आमच्या कागदावर?”

इतर कुणी विचारलं की साडूभाऊ लगेच सांगतात, न्हाई वो, राहून गेलं. त्या दिवशी मात्र त्यांनीही काकूंसारखे होते तेवढे सगळे पाच देऊन टाकले.

“झालो ना काकू,” ते म्हणाले. “तुमच्यामुळंच झालो.”

काकू लगबगीनं आत गेल्या, चिमूटभर साखर आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. साडूभाऊंनी ती तोंडात टाकली. परतीच्या वाटेवर भोकरदन येईपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.