बटणवालं यंत्र

पान उलटायचं म्हटलं की वाचनालयात येणारे ते आजोबा आधी जिभेला बोट लावायचे, मग पान कागदाचं असो की काचेचं. मी सांभाळते त्या जव्हारच्या वाचनालयाला कुणीतरी तीन ई-रीडर देणगी म्हणून दिले. त्यातल्या एकावर त्यांनी असं ओलं बोट फिरवलं आणि यंत्र एकदम पुढच्या प्रकरणात जाऊन बसलं. कोरड्या बोटाला तर ते दादच देईना. नांगर धरून त्यांच्या बोटांची कातडी इतकी जाड झाली होती की काचेला ती कळतच नव्हती.

खोडाळ्याजवळच्या पाड्यावरून ते एसटीने यायचे. तरुणपणी ठाण्यात वॉचमन असताना वाचायची गोडी लागली, ती सुटली नाही. असा एखादा वाचक तुम्हीही पाहिला असेल. पण यांची नजर जात चालली होती. छापील अक्षर दिसेना, आणि डॉक्टरांनी आता आशा नाही म्हणून सांगितलेलं. घरी बायकोला अक्षरओळख नव्हती. दिवसा हे वाचत आणि संध्याकाळी चुलीपुढे तिला आपल्या बोलीत गोष्ट सांगत.

"अर्धी गोष्ट सांगून डोळं गेलं, तर ती मला भाकर देल का?" ते म्हणायचे.

म्हणून बाजारात बैल पाहावा तशी त्यांनी तिन्ही यंत्रं पारखली. एक इतकं झगझगायचं की डोळ्यांतून पाणी यायचं. "ह्यो तोंडावर बॅटरी मारतो," म्हणून ते बाद. काचेवालं बोट ओळखेना. उरलं ते जुनं, कडेला बटण असलेलं. दिसायला अगदी मठ्ठ, पण बटण दाबलं की एकच पान उलटणार आणि अक्षर हवं तेवढं मोठं होणार. "ह्यो बरा. सांगितलं तेवढंच करतो." मी माझ्या जबाबदारीवर ते त्यांना घरी नेऊ दिलं. मला त्यांचा लळा लागला होता, उगाच कशाला लपवू?

पुस्तक होतं सासरहून एकटीच माहेरी निघालेल्या एका मुलीचं. दर खेपेला ते माझ्याकडून अक्षर मोठं करून घेत. पानावर चार ओळी मावायच्या, मग दोन, मग एकेक शब्द. शेवटी एकदा म्हणाले, "आता नुसतं काळं दिसतं. अक्षर नाय दिसत."

मी वाचून दाखवते म्हटलं, तर इतक्या लांब रोज कोण येणार म्हणाले. मग हळूच हसले. गोष्ट काही थांबली नव्हती. रोज संध्याकाळी यंत्र मांडीवर घेऊन, मधूनमधून बटण दाबत, ते पुढचं मनानेच सांगत होते.

"तिला सांगू नको, बाय. ह्यो चालतो तवर माझं डोळं चालतं, असं तिला वाटतं."

होळीच्या आधी ते गेले. काही दिवसांनी त्यांची बायको फडक्यात गुंडाळलेलं यंत्र परत द्यायला आली. आजी, बसा म्हटलं, तरी बसेनात. उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "ती पोर नदीवर आली व्हती. पूर आला व्हता. पुढचं वाचून दे, बाय. पलीकडं गेली का?"

मी यंत्र चालू केलं. त्या पुस्तकात नदी कुठेच नाही. ती मुलगी आगगाडीने घरी पोहोचते. मला रडू आवरेना म्हणून मी मान खालीच ठेवली आणि बटण दाबलं.

"काठावर एक म्हातारा बसला होता," मी वाचायला लागले. "त्याला दिसत नव्हतं, पण नदी कुठून ओलांडायची, तो उतार त्याला पाठ होता."

आजी खाली बसल्या.