तिच्या नावाचा बाक

बायको गेली त्याला वर्ष झालं तेव्हा गावजेवण घालायचं नाही असं मी ठरवलं. लोक येतात, बुंदीला नावं ठेवतात, हात धुऊन जातात. आम्ही मूळचे माण तालुक्याकडचे, पण सगळा जन्म सांगलीत गेला. मी हळदीची पोती वाहिली, तिनं वखारीत बसून हळद निवडली. घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाला महापालिकेची एक मोकळी जागा लागायची. तिथं आली की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "हितं जरा टेकायला काय असतं तर बरं झालं असतं." तिथं दगड होते, पण त्यावर बसायची नाही. दगडावर लोक मुततात म्हणायची. खरंच मुतायचे.

म्हणून मी तिथं बाक घातला. सिमेंटचा, बिनपाठीचा. गवंडी ओळखीचा होता. त्याला म्हटलं, बसायच्या जागी नाव घालू नको, लोक नावावर ढुंगण टेकतील. मग त्यानं बाकाच्या पुढच्या कडेवर, ओल्या सिमेंटात, खिळ्यानं एका ओळीत कोरलं. आधी कैलासवासी, मग तिचं नाव, मग माझं, मग आडनाव, आणि शेवटी यांच्या स्मरणार्थ. ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. जिवंत होती तोवर कोण लिहिणार होतं?

रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचो. कुणाशी बोलायचो नाही. घरात पोरगा असतो, सून असते, टीव्ही असतो. बाकावर काही नसायचं, ते बरं वाटायचं. उठताना हात कडेवरून फिरवायचा, नाव बोटाला लागायचं, आणि घरी यायचं.

एक दिवस जाऊन बघतो तर जागेभोवती पत्रे ठोकलेले. बाक आत, मी बाहेर. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला गल्लीत सगळे मेंबर म्हणतात. त्याला गाठलं.

"आवं आबा, पोरांसाठी स्केटपार्क हुतोय, चाकाच्या फळीवर खेळायला," मेंबर म्हणाला. "असा पुण्या-मुंबईत असतोय. आपल्या वॉर्डाचं नाव हुणार."

"मला नावाचं काय सांगू नको. माजा बाक?"

"बाक आत हाय, सुरक्षित हाय. त्याला कोण हात लावतंय? कामातच धरलाय म्हणा की."

त्याचं तोंड गुटख्यानं भरलेलं होतं. बोलताना मान वर करून बोलत होता, सांडू नये म्हणून. असल्या तोंडातून आलेला शब्द मी खरा मानला. वय झालं की माणूस मूर्ख होतो असं नाही, पण थकतो. भांडायला कोण रोज जाणार?

पत्र्याच्या फटीतनं बघायचो. आधी यंत्रानं खड्डा खणला. मग त्यात सिमेंट ओतून गुळगुळीत कढई केली, माणूस बुडेल एवढी. पूर्वी इकडं जमिनीत खणून हळद साठवायची पेवं असायची, तसलंच काहीतरी. फरक एवढाच, पेवात माल असायचा. शेवटी शेवटी आतून पोरांचे आवाज यायला लागले. उद्घाटनाआधी सराव चाललाय म्हणे. चाकं घरंगळल्याचा आवाज, आणि मधूनच लोखंड दगडावर घासल्यागत एक करकर. दाढेत जायची ती करकर. मी बाकाचा विचार करायचो आणि फटीतनं बाक काही दिसायचा नाही.

उद्घाटनाच्या दिवशी पांढरा पायजमा घालून गेलो. गल्लीच्या तोंडाला एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर माणसंच माणसं, सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांनी दाढ्या काळ्या केलेल्या. खेळणाऱ्या पोरांचा एकही फोटो नाही. ज्या पोरांसाठी हे केलं ती पोरं डोक्यावर टोपडी आणि गुडघ्याला वाट्या बांधून उन्हात उभी. पाहुणे साहेब यायचे होते. साहेब आले तेव्हा पोरांची तोंडं भाजलेल्या वांग्यागत झाली होती.

आणि स्टेज कुठं, तर त्या कढईच्या बुडाला. पोरांनी जिथं खेळायचं तिथं गालिचा, सोफा, पाण्याच्या बाटल्या. साहेबांना उतरता येईना, उतार गुळगुळीत. मग दोघांनी दंडाला धरून खाली नेलं. नारळ कुठं फोडायचा? तर नव्या सिमेंटच्या गोलाईवर. फुटेना. मेंबरनं हातात घेऊन आपटला तेव्हा टवका सिमेंटचा उडाला, मग नारळ फुटला. पाणी खाली ओघळलं, वर हळदकुंकू पडलं, त्यावर झेंडूच्या पाकळ्या. मग बंदुकीसारख्या नळ्यांतून चकाकत्या कागदाचे कपटे उडवले. तेवढ्यात वरच्या कठड्यावर बसलेल्या एका बाप्यानं आत पिचकारी मारली. लाल. नव्या पांढऱ्या सिमेंटवर. एकानंही त्याला काही म्हटलं नाही. मला किळस आली.

सत्कार झाले. शाली झाल्या. मग फोटोसाठी साहेबांना चाकांच्या फळीवर उभं केलं. दोन्हीकडून चौघांनी धरलेलं, जसं आजाऱ्याला संडासला नेतात. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, आता सांगलीची पोरं जगात चमकतील. आणि जेवायला गेले.

मग कुठं पोरांना सोडलं. कपट्यांत चाकं अडकायला लागली, नारळाच्या पाण्यात घसरायला लागली. बिचारी स्वतःच्या अंगातले शर्ट काढून पुसायला लागली. मला पोरांचा राग नव्हता. मी बाक शोधत होतो.

आणि ती करकर ऐकू आली.

कढईच्या पलीकडं सपाट जागा होती. तिथं एक पंधरा-सोळा वर्षांची पोरगी फळीवर जोरात यायची, उडी मारायची, आणि फळीखालचं लोखंड एका बाकाच्या कडेवर टेकवून करकरत घसरत जायची. बाक भगव्या आणि निळ्या रंगाचा. मी लांबूनच ओळखला. गवंड्यानं डावा पाय जरा आखूड केला होता आणि खाली फरशीचा तुकडा घातला होता. तो तुकडा तसाच.

मी चालत गेलो आणि बाकावर बसलो.

पोरगी एक पाय जमिनीवर टेकून थांबली. "आजोबा, इथं बसू नका ना, लागेल तुम्हाला. त्या बाजूला खुर्च्या आहेत."

"खुर्चीवर तू बस."

मागून आणखी पोरं गोळा झाली. ठेकेदाराचा माणूस आला, गळ्यात पट्टा अडकवलेला. "बाबा, उठा. हे बसायचं नाही."

"बाक बसायचा नसतो तर काय, चाटायचा असतो?"

पोरं हसली. तो चिडला. "हा अडथळा आहे, खेळातला. प्लॅनमध्ये आहे."

"मी घातलाय हा. तुज्या प्लॅनच्या आधी."

मेंबर आला. गळ्यात तीन हार. त्यानं कुणाला तरी फोन लावला आणि थोड्या वेळानं माझा पोरगा आला, कामावरनं, गाडी तिथंच टाकून. मला काही बोलायच्या आधी त्यानं मेंबरला नमस्कार केला. ते बघून मला आणखीच किळस आली.

"आबा, चला घरी," पोरगा म्हणाला. "लोक बघाय लागल्यात."

"बघू दे. तुज्या आईचं नाव हाय ह्यावर. त्याच्यावर लोखंड घासाय लागल्यात."

"नाव?" मेंबर म्हणाला. "कुठं हाय नाव? रंग दिल्याला हाय."

"रंग देऊन नाव जात न्हाई. कोरल्यालं हाय. वाक आणि वाच."

तो वाकला नाही, पोट आडवं येत होतं. मग मीच उठलो, गुडघ्यावर बसलो आणि कडेवर बोट ठेवलं. रंगाच्या खाली अक्षरं लागत होती. उजव्या टोकाकडून मागं मागं येत गेलो. स्मरणार्थ लागलं. यांच्या लागलं. आमचं आडनाव लागलं. माझं नाव लागलं. आणि त्याच्या आधी काहीच लागलं नाही. डाव्या टोकाची कडच नव्हती. पोरं त्या बाजूनं येऊन आपटत होती, दणके बसून बसून ढलप्या उडाल्या होत्या, आतली खडी दिसत होती. कैलासवासी गेलेलं. तिचं नाव गेलेलं. मी खाली जमिनीवर चाचपून बघितलं. ढलपीचा तुकडा तरी असेल. झाडून नेलं होतं. उद्घाटनासाठी स्वच्छता.

कुणीतरी माझ्या डोक्यावरून मोठ्यानं वाचलं. माझं नाव, माझं आडनाव, यांच्या स्मरणार्थ.

"आयला, आबा, हे तर तुमचंच नाव हाय!" मेंबरच्या मागचा एकजण म्हणाला. "तुमी हयात असताना स्मारक झालं की!"

हसले. मेंबर हसला. ठेकेदाराचा माणूस हसला. माझा पोरगा हसला नाही, पण त्यानं मान खाली घातली, आणि मला कळेना की त्याला आईचं वाईट वाटतंय की माझी लाज वाटतीय.

ज्या बाईनं आयुष्यभर माझं नाव आपल्या नावामागं लावलं, तिचं नाव घासून काढलं आणि माझं तेवढं ठेवलं. जिवंत माणसाचं.

मेंबरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अत्तर आणि गुटखा. "आबा, रडू नका. काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावतो की. काकूंचं नाव सोनेरी अक्षरात, वर फोटो. खाली कोपऱ्यात माजं नाव बारीक, सौजन्य म्हणून. पुढच्या आठवड्यात कार्यक्रमच घेऊ. साहेबांना बोलवू."

"परत नारळ फोडणार?"

"फोडू की."

"तुज्या टाळक्यात फोड," मी म्हणालो. "तिच्या नावाखाली तुजं नाव आलं तर ती वरनं थुंकंल. मी रडत बी न्हाई. मला वकारी येतीया."

पोरगा म्हणाला, "आबा, तोंड सांभाळा."

"तू सांभाळ. तुला अजून लय नमस्कार घालायचं हायत."

तेव्हा ती फळीवाली पोरगी पुढं आली. मिरजेच्या कुठल्या डॉक्टरची पोरगी, मागाहून कळलं. डोळ्यात पाणी. वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी पाय मागं घेतले.

"पाया कशाला पडतीस? नाव काय माज्या पायात हाय?"

"आम्हाला माहीत नव्हतं, आजोबा. आम्हाला सांगितलं, हा बाक खेळायलाच आहे. आम्ही आता नाही वापरणार तो." मग तिनं विचारलं, "आजींचं नाव काय होतं?"

एवढ्या गर्दीत ते कुणीच विचारलं नव्हतं. मेंबर पाटी लावणार होता, पाटीवर काय लिहायचं ते त्यानं विचारलं नव्हतं. मी नाव सांगितलं. पोरीनं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

मी म्हणालो, "तू वापर बाक. घास. राहिलेलं समदं घास. ती जिथं न्हाई तिथं मला माजं नाव नकोय. आजच घालवून टाक."

"नाही आजोबा. पाप लागेल."

"मला लागंल. तू घास."

तिनं मान हलवली आणि फळी काखेत मारून मागं सरली. बाकीची पोरंही सरली.

तेव्हापासून त्या बाकाला एकही पोर चाक लावत नाही. कढईत खेळतात, पायऱ्यांवरून उड्या मारतात, आणि बाक आला की वळसा घालून जातात, म्हसोबा असल्यागत. मेंबरनं बाकाभोवती स्टीलचा दांडा लावून घेतला. एका अमावस्येला कुणीतरी बाकावर लिंबू आणि अगरबत्ती ठेवली. माझ्या नावापुढं. गल्लीतली एक म्हातारी तर तिथून जाताना हात जोडते, आणि मी समोरून आलो तर माझ्याकडं बघतही नाही. पोरगा म्हणतो, मान मिळाला आबा तुम्हाला, गप राहा. असला मान कुत्र्याला घाला.

मी सकाळी लवकर जातो, पोरं यायच्या आधी. दांड्याखालनं वाकून आत शिरतो, मांडी घालून बसतो आणि विटेच्या तुकड्यानं कड घासतो. राखणदार पहिल्या दिवशी ओरडला, "ओ आबा, काय करताय? सरकारी मालमत्ता हाय ती." म्हटलं, माजं नाव हाय, मला नको झालंय. तो बघत उभा राहिला, मग चहा प्यायला गेला. आता मला बघितलं की चहाला जातो.

माझं नाव गेलं. आता आडनावाशी आलोय. गवंड्यानं ते सगळ्यात खोल कोरलंय, आणि माल चांगला वापरलाय. वीट झिजते, अक्षर झिजत नाही. हातावर भगवी पूड येते, तिला रंगाचा घाण वास येतो. धुऊनही जात नाही. पूर्वी आमच्या दोघांच्या हातांना हळदीचा वास असायचा, तोही धुऊन जायचा नाही. पण तो चांगला होता.