झुरळांचं औषध आणि पाडव्याचं सारवण

मुंबईला नातवाच्या खोलीत झुरळांवर औषध मारून गेले, त्याला चार दिवस झाले नाहीत तोच नातसून रडकुंडीला आली. "आजोबा, अजून दिसतायत. फसवलं त्या माणसाने." मी म्हटलं, फसवलं नाही, लागायचे तेवढे दिवस लागतात. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की या म्हाताऱ्याला यातलं काय कळतंय. म्हणून लिहायला बसलो. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण झुरळांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

तेव्हा मी आगरदांड्याहून पलीकडे दिघीला माणसं उतरवायचो. शिडाची होडी होती, वारा पडला की वल्ही मारायची. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि माहेर दिघीलाच, अगदी धक्क्यावर. माघात मुलगी झाली. पाठवणीची वेळ आली तेव्हा सासऱ्यांनी निरोप दिला, "जावयाच्या घरातली झुरळं गेल्याबिगर पोर पाठवणार न्हाय."

झुरळं होती, हे मी नाकारत नाही. चुलीमागे, तांदळाच्या कणगीखाली, कुडाच्या प्रत्येक भेगेत होती. तान्ह्या पोराच्या ओठाला दूध लागलेलं असतं, ते झुरळं कुरतडतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे सासऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते असंही म्हणत, की मी माळ्यासाठी गलबतावरची जुनी फळकुटं आणली, त्यातून झुरळं आली. हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. झुरळाला यायला काय माझं फळकूट लागतं?

खरी चिंता वेगळीच होती. ज्येष्ठ लागला की वारा फिरतो आणि होड्या वर ओढतात. त्याला आम्ही आगोट म्हणतो. आगोटीच्या आत बायको आली नाही, तर नारळीपौर्णिमेपर्यंत खाडीच्या या अंगाला मी आणि त्या अंगाला माझी लेक. आणि मी रोज त्याच धक्क्याला होडी लावायची! सासऱ्यांची नारळाची वखार समोरच. माणसं उतरायच्या आत ते दारातून ओरडायचे, "काय जावईबापू, गेली का?" होडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एक म्हातारी कोळीण होती, टोपली घेऊन रोज यायची. ती म्हणायची, "नाखवा, झुरळं ऱ्हायली नि बायको गेली. तुझं उलटंच झालं."

मुरुडला एक चाचा होते. जन्मभर मुंबईच्या आगबोटींवर झुरळं मारायचं काम करून घरी परत आलेले. जगात दुसऱ्या कोणाला हे येतच नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते दर दहा शब्दांनी ऐकवायचे. शिमगा उरकल्यावर मी त्यांना घेऊन आलो. त्यांनी टाकणखार तव्यावर फुलवून वाटला, तांदळाच्या पिठात घालून गुळाच्या पाण्यात भिजवला, आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या भेगाभेगांत बसवल्या. उरलेली पूड भिंतीच्या कडेने भुरभुरली.

"कडेला झाडू न्हाय, पाणी न्हाय, सारवण तर बिलकूल न्हाय," ते माझ्या आईला म्हणाले.

"कधी मरतील?" मी विचारलं.

"मियां, मी विष दिलंय, बंदूक न्हाय मारली. तो खाईल, बिळात जाईल, तिथे मरेल. त्याला दुसरा खाईल, तो मरेल. आधी जास्त दिसतील. मग कमी होतील. मग अंडी फुटतील, पिल्लं दिसतील, तेव्हा पुन्हा औषध. सबर कर."

सबर मी केला. सासऱ्यांनी केला नाही. चार दिवस झाले नसतील, ते माझ्याच होडीत येऊन बसले. "बघू तरी," म्हणाले. मी नको म्हणून पाहिलं. ऐकतील तर सासरे कसले!

घरात पाऊल टाकलं तर भरदुपारी झुरळं बाहेर! दारू प्यायल्यासारखी जमिनीवर झोकांड्या खात होती. काही उताणी पडून पाय हलवत होती. औषध लागू पडल्याची ती खूण होती. पण एक झुरळ सासऱ्यांच्या धोतरावर चढलं, तेव्हा हे सांगायची सोय राहिली नाही. धोतर झटकत ते म्हणाले, "आधी निदान लपून असायची. तुम्ही तर दिवसाढवळ्या पंगत बसवलीत!" पाणीसुद्धा न पिता ते परत गेले.

हे आईला लागलं. त्यात पाडवा आला. सणाची माणसं फार, मी पहाटेपासून होडीवर. दुपारी घरी आलो तर घर हिरवंगार सारवलेलं. जमीन तर जमीन, कूडसुद्धा गुडघ्याएवढा लिंपलेला, एकूण एक भेग बुजवलेली. आई गुढीखाली हात धूत उभी, तोंडावर समाधान.

मी उंबऱ्यावरच बसलो. "आये, औषध?"

"व्हतं तिथंच हाय. वरनं सारवलंय."

"अगं, चाचा काय बोललेला?"

"चाचाला काय जातंय? पाडव्याला न सारवलेल्या घरात गुढी उभारू? मेलं हाय का कोण घरात?"

झुरळं दोनचार दिवसांत पुन्हा पूर्वीसारखी अंधार पडला की निघू लागली. चाचांकडे गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. "आगबोटीवर कप्तानाने कधी माझं औषध पुसलं न्हाय. तुझ्या आईने झुरळांच्या घराची डागडुजी करून दिली!" वर माझ्यावरच डाफरले, जसं काय मीच शेण कालवलं होतं.

पुन्हा तव्यापासून सगळं. बुजवलेल्या भेगा चाचांनी सुरीने मोकळ्या केल्या. आईला मी शपथ घातली. तिने ती पाळली, पण रोज माझ्यावर उपकार केल्यासारखी. जमिनीचे पोपडे निघाले. शेजारणी विचारायच्या, "सुतक हाय का गं?" आई म्हणायची, "माझ्या लेकाने झुरळं पाळलीत. त्यांना सारवण सोसत न्हाय."

वैशाखात मोठी झुरळं दिसेनाशी झाली. मी सासऱ्यांना सांगणार, एवढ्यात कणगी सरकवली आणि तिळाएवढी पिल्लं भुरुभुरु पळाली. मी कणगीला लाथ घातली. लागलं मलाच. चाचा आले, म्हणाले, "बोललो व्हतो ना?" आणि पुन्हा गोळ्या. त्या दिवसांत मला कोणी नुसतं "काय, कसं काय?" विचारलं तरी मी भांडायला उठायचो.

वारा दक्षिणेकडून येऊ लागला. पलीकडच्या होड्या वर ओढल्या गेल्या. सासरे म्हणाले, "आता काय, नारळीपुनवेलाच." मी शीड आवळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दिघीला होडी लावली, तर बायको गाठोडं आणि लेक घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलेली. सरळ होडीत येऊन बसली. खाडीच्या मध्यावर आल्यावर म्हणाली, "काल वखारीतली झुरळं पाळण्यात शिरली. पोरीच्या भिवईचे केस खाल्ले. आणि बाबा म्हणतात, ती तुमच्या होडीतनं येतात."

मी पोरीची भुवई बघितली. अर्धी गेलेली. मग वल्ही मारली, जोरात.

घरात शिरल्यावर तिने पोर आईच्या हातात दिली आणि पदर खोचला. चुलीमागे बघितलं, कणगी हलवली, फडताळ उपसलं. सुकलेली मेलेली झुरळं केरसुणीने ओढून काढली. जिवंत पिल्लं निघाली ती बोटांवर मोजण्याइतकी.

"एवढीच?" ती म्हणाली. "बाबांच्या एका पोत्यात याहून जास्त हाईत."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण झुरळांमुळे नव्हे. "बाय, लेकुरवाळी तू, नि घर हे असं, न सारवलेलं."

"आत्याबाई, मधोमध सारवू. कड सोडू."

त्या दोघींनी तसंच केलं. आमच्याकडे भिंतीलगत वीतभर जमीन कोरी सोडायची चाल तेव्हापासून पडली. नवी सून आली की विचारते, ही कड कशाला? मी सांगत नाही, सांगायला लागलो की सगळंच सांगावं लागतं.

होडी वर ओढायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला सासरे धक्क्यावर उभे होते. माझ्याकडे न बघता, समुद्राकडे तोंड करून म्हणाले, "त्या चाचाला एकदा हिकडं सोडा."

"आणलेतच. होडीत बसलेत, न्या घरी, नारळीपुनवेपर्यंत तुमच्याकडेच राहतील."

"किती दिवस लागतात म्हणालात?"

"मामा," मी म्हटलं, "आता होडी वर जाते. नारळीपुनवेला पहिली फेरी आणली की धक्क्यावरनंच विचारीन, गेली का?"