आभाळाकडे तोंड असलेली तोफ

तोफकाका बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे कधी पाहत नसत. त्यांची नजर त्याच्या डोक्यावरून आभाळात फिरत असे. लातूरच्या आभाळात तेव्हा घारींपलीकडे काही नव्हते. पण नौदलात, युद्धनौकेवरच्या विमानवेधी तोफेमागे उमेदीची वर्षे घालवून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार? समुद्रापासून इतक्या दूर त्यांच्या विद्येचा उपयोग शून्य होता. आमच्या कोचिंग क्लासने मोठ्या मनाने त्यांना फाटकावर नेमले.

मी तिथे भौतिकशास्त्र शिकवत असे. म्हणजे विचार न करता उत्तर कसे काढावे ते. मधल्या सुट्टीत काका मुलांना आपल्या तोफेचा इतिहास सांगत. चाळीस मिलिमीटरची, जन्माने स्वीडिश, वरून चार-चार गोळे भरायचे. दुसऱ्या महायुद्धात ती दोन्ही बाजूंनी लढली, हे ऐकले की मला सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या क्लासवर शिकवणारे आमचे नामवंत प्राध्यापक आठवत. "विमान दिसतंय तिथं मारायचं न्हाई," काका सांगत, "जिथं येणार हाय तिथं मारायचं." हे परीक्षेला येते का, असे मुले विचारत. येत नाही म्हटल्यावर निम्मी उठून जात.

स्वतः काकांनी एकही विमान पाडले नव्हते. सरावात विमानामागे ओढल्या जाणाऱ्या कापडी नळकांड्यावर नेम धरायचा. लढाईत शत्रूचे विमान त्यांच्या नौकेकडे फिरकलेच नाही. ते सुट्टीवर गावी आले असताना गणपती विसर्जन करून गाव झोपले, आणि पहाटे किल्लारीच्या भूकंपात घर बसले. काकू त्यात गेल्या. "उमरभर वर बघितलं, मास्तर. घाव खालून आला." भूकंपाबद्दल ते माझ्याशी एवढेच बोलले.

पुढे एका वर्षी क्लासच्या गणपतीपुढे तोफेचा देखावा करायचे ठरले. समोरच्या क्लासने हिमालय उभारला होता, तेव्हा आम्हाला राष्ट्रप्रेम सुचणे भागच होते. भूकंपानंतर काका ज्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, तिचेच पत्रे आणून त्यांनी तोफ घडवली. तिची नळी थेट आभाळाकडे. संचालक सरांनी तोंडभर कौतुक केले आणि नळी आडवी करायला सांगितली: तिच्यावर गुणवंतांचे फोटो टांगायचे होते, आणि कळ दाबली की कागदी फुले समोरच्या क्लासच्या दारात पडायला हवी होती.

"सर, बंदरात शिरताना नळी वर असती," काका म्हणाले. "माणसांकडं न्हाई."

पगार बंदर देत नाही, याची सरांनी हसत आठवण करून दिली. मग शास्त्रीय मत म्हणून माझ्याकडे पाहिले. मी शास्त्रीय पद्धतीने गप्प बसलो.

सकाळी तोफ जागेवर होती, नळी नव्हती. ती खांद्यावर घेऊन काका पहिल्या बसने गावी गेले होते, ते परत आलेच नाहीत. त्याच दिवशी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले आणि नळी नसलेल्या तोफेला 'शांततेच्या संदेशा'बद्दल पहिले बक्षीस देऊन गेले. सरांनी ढाल स्वीकारताना निःशस्त्रीकरणावर जे भाषण केले, त्याने समोरच्या क्लासचेही डोळे पाणावले.

दिवाळीच्या सुट्टीत मी काकांच्या गावी गेलो. पुनर्वसनातल्या त्यांच्या घराच्या छपरातून ती नळी सरळ उभी होती आणि तिच्यातून धूर निघत होता. काका खाली चुलीवर चहा करत होते. माफी मागायची म्हणून गेलेला मी बक्षिसाचीच बातमी सांगून बसलो. ते पोटभर हसले.

"बघा मास्तर, कुणावर रोखली हाय का?"

काका आता नाहीत. तो चहा पीत आम्ही अंगणात उभे होतो, तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली. पहिल्यांदाच तिथे पाहण्यासारखे काही होते.

"तुमच्या काकूला चुलीच्या धुराचा लई तरास व्हायचा," ते म्हणाले. "नेम धरायला उशीर झाला."