मंगळावर अळीव

आमच्या हौशी मॉडेलकारांच्या मंडळात मी तीन वर्षं तात्पुरता सभासद होतो. (भाडेकरूसुद्धा इतका काळ तात्पुरता राहत नाही!) परीक्षकांनी एक तरी मॉडेल पसंत केलं तरच माणूस कायम होतो, असा नियम. पहिल्या वर्षी मी अवकाशयान केलं. आमचे अध्यक्ष आणि मुख्य परीक्षक परांजपे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुकर छान आहे. शिट्टी कुठेय?" दुसऱ्या वर्षी ते काहीच न बोलता पुढे गेले. ते जास्त लागलं.

यंदा मात्र मी पेटलो! 'सन २३००: मंगळावरची मानवी वस्ती'! वारज्यातल्या आमच्या गॅलरीत, एका मोठ्या पाटावर माती, गेरू आणि भुसा कालवून मी तांबडे डोंगर उभे केले. विवरं, घुमट, बोटाच्या पेराएवढे अंतराळवीर, सगळं शास्त्रोक्त. प्रदर्शन दिवाळीतल्या रविवारी होतं. माती तडकू नये म्हणून सोमवारी वर ओलं फडकं टाकलं आणि आईला बजावलं, "याला हात लावायचा नाही."

"मला काय करायचंय तुझ्या चिखलात हात घालून?" आई म्हणाली.

पुढचे पाच दिवस मी ऑफिसात. वारज्याहून खराडीला जाऊन परत यायला जो वेळ लागतो, त्यात खरा मंगळ गाठता येईल! घरी यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायचं, एवढंच उरत होतं. शनिवारी सकाळी मोठ्या उत्साहाने फडकं उचललं.

मंगळ हिरवागार झाला होता.

नुसता हिरवा नव्हे, लुसलुशीत! डोंगरांवर हिरवळ, विवरात पाणी, आणि वस्तीच्या दाराशी भाला घेतलेला मातीचा मावळा! त्याच्या शेजारी माझा अंतराळवीर ओशाळून उभा होता.

"आई!!"

"ओरडायला काय झालं? किल्लाच ना तो? उघडाबोडका दिसत होता, म्हणून अळीव पेरले. दिवसा ऊन दाखवत होते, तू यायच्या आत झाकत होते. सोसायटीतल्या सगळ्या किल्ल्यांना मीच अळीव देते."

"हात लावू नको म्हटलं होतं ना!"

"हात कुठे लावला? वरून भुरभुरवले."

"अगं, तो मंगळ आहे! तिथे काही उगवत नाही!"

"मग हे काय उगवलंय?"

मी चिमटा घेऊन रोपं उपटायला बसलो. पहिल्या रोपाबरोबर अर्धं विवर आलं, दुसऱ्याबरोबर एक अख्खा घुमट! तिसऱ्याला हात घालणार, तोच माझी बायको मंजिरी म्हणाली, "बास कर! मंगळ बदलता येत नाही, तर निदान नाव बदल."

अशा रीतीने 'मंगळावरची पहिली शेती' प्रदर्शनात दाखल झाली. परांजपे सर आले आणि चक्क थांबले.

"हिरवळ खरी आहे?"

"हो सर!" मी सुटलोच. "नियंत्रित आर्द्रता, किरणोत्सर्ग सोसणारी संकरित प्रजाती..."

"अहो, कसली प्रजाती!" शेजारी उभी असलेली आई म्हणाली. "लाडवांचे अळीव उरले होते. दोन वेळा पाणी शिंपडायचं, झालं. ह्याला काही विचारू नका, ह्याने तुळससुद्धा वाळवली आहे."

"आणि हा मावळा?"

"एवढी वस्ती बांधली, दाराशी पहाऱ्याला कुणी नको?"

सर हसले! तीन वर्षांत मी त्यांचे दात प्रथमच पाहिले. "पटलं! मॉडेल पसंत!" ते म्हणाले. मी कायम सभासदत्वाचा फॉर्म घ्यायला हात पुढे केला. सरांनी तो माझ्या हातावरून पलीकडे आईला दिला.

"आपलं पूर्ण नाव सांगा, बाई."

आई आता मंडळाची कायम सभासद आहे. माझी तात्पुरत्या सभासदत्वाची मुदत मात्र संपली, आणि ती वाढवायला एका कायम सभासदाची शिफारस लागते. अर्ज आठवडाभर आईसमोर पडून आहे.

"करीन रे सही," ती म्हणते, "पण तुझं काही काम बघितल्याशिवाय कशी करू?"