गुडघ्यांमधली उशी

अरविंदरावांचा उभा जन्म बंगळुरूच्या विमान कारखान्यात बिघाड शोधण्यात गेला. बिघाड सापडला की दुरुस्ती होतेच, ही त्यांची श्रद्धा. बायकोच्या दुखण्यानं ती मोडीत काढली. प्रेमाला फायब्रोमायाल्जिया. सगळं अंग ठणकतं, रात्री गुडघे तर जीव नकोसा करतात, आणि रिपोर्ट मात्र सगळे स्वच्छ! "मग दुखतंय कुणाचं, माझं?" असं ते डॉक्टरांवर खेकसलेही.

मग हेब्बाळच्या घरी त्यांनी फोम कापून, गुडघ्यांमध्ये धरून झोपायची उशी बनवली. जाड झाली म्हणून तासली, दबली म्हणून बदलली. रोज सकाळी विचारायचे, "आज कसं?"

"स्वल्प बरं आहे," 'थोडं'साठी शेजारणींकडून उचललेला कानडी शब्द घालून ती हसून सांगायची. "छान झोप लागली."

साफ खोटं. प्रेमाला झोप लागली की ती घोरते, आणि कित्येक रात्री खोलीत चिडीचूप होतं. त्यांची झोपमोड नको म्हणून ती कण्हणंसुद्धा गिळत होती.

हल्ली दिवा मालवला की अरविंदरावच खोटंखोटं घोरू लागतात. थोड्या वेळानं शेजारी प्रेमा मोकळेपणानं कण्हते.

तिच्यासाठी त्यांना एवढंच करता येतं.